गावात राहण्याची पाळी

सासरे गेले त्या वर्षी मी त्या घरात एकटी उरले. नवरा त्याच्या आधीच तापानं गेला होता. मूलबाळ नव्हतं. दिवसकार्य उरकल्यावर माझा भाऊ जुन्नरहून मला न्यायला आला आणि ओसरीवर बसून एकच गोष्ट फिरवून फिरवून बोलत राहिला, "इथं कुणाच्या भरवशावर राहणार तू?"

त्याच्या बोलण्यात माया होती, पण त्याचं बिऱ्हाड मी पाहिलं होतं. जुन्नरच्या पेठेत दोन खोल्या, त्यात आई, भावजय, तिची तीन मुलं. तिथं जाऊन मी कुठल्या कोपऱ्यात अंथरूण टाकणार होते? इथं निदान घर माझं होतं, आणि ओढ्याच्या अंगाला थोडी जमीनही होती. मी राहते म्हणाले. भावानं खिशातले होते तेवढे पैसे माझ्या हातात ठेवले आणि तो मंचरच्या रस्त्याला लागला. तो दिसेनासा होईपर्यंत मी दारात उभी होते. मग आत आले, आणि आपण आता काय करायचं असतं तेच कळेना. चूल पेटवली, एकटीपुरतं पीठ काढलं. एकटीपुरतं पीठ किती घ्यायचं याचाही अंदाज नव्हता.

आमचं गाव आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला. लोणीच्या बाजाराला चालत जाता येईल इतकं जवळ. सगळी जिराईत शेती. पावसावर बाजरी, मागनं ज्वारी. मी पेठेत वाढलेली. वडील धान्याच्या दुकानात कामाला होते, आणि आमच्याकडं जे लागे ते पैसे देऊन आणायचं एवढंच मला ठाऊक. शेजारच्या मुसलमान घरातून ईदला शीरखुर्मा यायचा, आमच्याकडून दिवाळीला करंज्या जायच्या. तेवढीच काय ती पैशावाचून देवघेव. त्यामुळं या गावाचा कारभार मला लवकर उमगला नाही.

इथं सगळं सावडीवर चालायचं. एका घरात एक बैल, दुसऱ्या घरात एक, तिसऱ्या घरात बैल नाही पण दोन तरणे गडी. अशी चार-सहा घरं एकत्र यायची आणि आज याच्या रानात, उद्या त्याच्या रानात असं करत सगळ्यांची कामं उरकायची. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. ज्याच्या रानात काम असेल त्यानं दुपारची भाकरी घालायची आणि इतरांची पाळी आली की त्यांच्या बांधावर हजर व्हायचं. सासरे होते तोवर आमचंही घर त्यात होतं. पण आमचा बैल त्यांच्या दुखण्यात विकला गेला आणि आता तर गडीही उरला नाही.

आमच्या सावडीतलं मोठं माणूस म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारे आबा. सगळा गाव त्यांना आबाच म्हणायचा. मी भावानं दिलेले पैसे पदराला बांधून त्यांच्याकडं गेले.

"आबा, माझं रान तेवढं नांगरून द्या. मी मजुरी देते."

आबा दोर वळत बसले होते. हात न थांबवता म्हणाले, "पोरी, मजुरी घेतली तर मग ती सावड कशी ऱ्हाईल? उद्या दुसरा म्हनंल मला बी मजुरी द्या. मग ज्याच्यापाशी द्यायला न्हाई त्यानं कुठं जायाचं?"

"मग मी काय देऊ?"

त्यांनी जरा वेळ माझ्याकडं पाहिलं. "बैल न्हाई. गडी न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. टोचून बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. जे होतं ते बोलले. "बघू काय व्हतं ते."

त्यातून काही निघालं नाही. मी शेजारच्या गावचा एक माणूस मजुरीनं लावला. तो आला, वरवर नांगरून गेला. बाजरी विरळ उगवली.

नुसतं बसून राहण्यापेक्षा म्हणून मी खुरपणीला बायकांबरोबर जाऊ लागले. निदान हात तरी लावता येतील. पण हातांना फोड आले, आणि माझी ओळ कायम मागं. बाकीच्या आपापल्या ओळी संपवून माझ्या ओळीला समोरून लागायच्या आणि मध्ये कुठंतरी आम्ही भेटायचो. त्या हसायच्या. हसण्यात वाईट काही नव्हतं. एकजण म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं, तुझ्यापायी आमचंच काम वाढलं." दुपारी त्या लिंबाखाली गोल करून बसल्या की मलाही हाक मारायच्या, "ये की!" मी भूक नाही म्हणायचे आणि बांधाच्या दुसऱ्या अंगाला बसायचे. ज्यांचं काम मी वाढवलं त्यांच्या पंगतीला बसायचं कसं?

बाजरीच्या काढणीत माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला. टाच अशी सुजली की पाऊल टेकवेना. मी घरीच राहिले, आणि तेव्हा पहिल्यांदा मला दिवसाउजेडीचं रिकामं गाव दिसलं. काढणीच्या दिवसांत चालतं फिरतं सगळं माणूस रानात जायचं. लहान पोरंही पाठीमागं जायची. गल्लीत कोंबड्या आणि एखादं कुत्रं. कुठल्याशा घरात दार वाऱ्यानं आपटत होतं ते आपटतच राहिलं.

मग भिंतीपलीकडून हाक आली. "अगं कुनी हाय का?"

ती आबांची आई होती. म्हातारीचा खुबा मोडल्यापासून ती बाजेवरच असायची. एरवी तिची सून दुपारी रानातून धावत यायची, तिला भाकरी द्यायची, खालचंवरचं करायची आणि परत पळायची. त्या दिवशी म्हातारी पाण्याच्या तांब्यासाठी वाकली आणि बाजेवरून खाली पडली. मी लंगडत गेले. तिला उचलताना माझ्या टाचेतून अशी कळ गेली की आम्ही दोघी एकदमच ओरडलो. तिला बाजेवर नीट निजवलं, पाणी दिलं. ती म्हणाली, "तू व्हय? मला वाटलं गावात कुनीच न्हाई."

"मी आहे ना."

"मग बस जरा."

मी बसले. थोड्या वेळानं बाहेरून पुरुषाचा आवाज आला. "हायेत का आबा घरात?"

ओसरीपुढं पागोटं बांधलेला, धुळीनं भरलेला एक माणूस उभा होता. घर मोकळं बघून तो परत फिरायच्या बेतात होता. मी डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाले, "सगळी रानात गेलीत. तुम्ही बसा, येतील." घोंगडी टाकली, पाणी आणि गुळाचा खडा दिला. आतून म्हातारीनं विचारलं, "कुठलं पावनं?"

"ओझरकडचा हाय, आजी."

"पोरीचं काम काढून आलाय का?"

तो हसला. "व्हय आजी. न कळवता आलं म्हंजी घर कसं हाय ते कळतं."

एकटी तरणी विधवा आणि परका पुरुष, म्हणून मी उंबऱ्याच्या आत म्हातारीच्या पायाशी बसून राहिले. म्हातारीच त्याच्याशी बोलली. तिनं त्याला नातवाचे गुण सांगितले, बैलांचे सांगितले, विहिरीला पाणी किती वाढलं आहे ते सांगितलं. दिवस कलता कलता आबा आले तेव्हा पाहुणा पाय मोकळे करून आरामात बसला होता. मी पाठीमागच्या दारानं माझ्या घरी गेले. ते लग्न पुढं ठरलं.

टाच बरी व्हायला वेळ लागला. तोवर रोज कुणीतरी सकाळी रानात जाता जाता माझ्या दारात थांबू लागलं. "वैनी, आमच्या गाईकडं बघा जरा, आज व्याईल असं वाटतंय." "हे पोरगं झोपलंय, उठलं तर येवढं दूध पाजा." "चुलीत गवरी पुरून ठिवलीया, इझू दिऊ नका." म्हातारीकडं तर मी न सांगताच जायची. टाच बरी झाली, तरी लोक थांबत राहिले. मीही रानात गेले नाही. खुरपं घेऊन गेले असते तर पुन्हा सगळ्यांच्या मागंच राहिले असते.

बाजरी निघाली, रानं मोकळी झाली आणि ज्वारीच्या पेरणीचे दिवस आले. एका सकाळी एक पोर सांगत आलं, "वैनी, तुमच्या रानात कुळव आलाय." मी तशीच गेले. आबा, त्यांचा मुलगा, सावडीतली सगळी घरं माझ्या रानात होती. बैल जुंपलेले. एक पट्टा फिरूनही झाला होता.

"आबा, मी कुणाला बोलावलं नव्हतं."

"बोलवायचं काय त्यात? तुझी पाळी हाय आज."

"मी कुठं आले कुणाच्या रानात?"

आबांनी बैल थांबवले. "हे बघ. आमची मालकीन, म्हंजी पोरांची आई, रोज दुपारच्याला काम टाकून घरी पळायची, म्हातारीपायी. अर्धा दिस जायाचा तिचा. आता जात न्हाई. ह्या भाऊची बायकू पोर काखंला घिऊन कापत व्हती, आता दोन हातांनी कापतीया. मग ती जास्तीची बाई आली कुठनं? तूच आलीस म्हनायचं का न्हाई?"

 बाकीचे आपापल्या कामात होते, जणू हे सगळ्यांना केव्हाचंच ठाऊक होतं. बैल पुन्हा चालू लागले.

मी घरी आले.  सावडीला भाकरी घालायची ती रानवाल्यानं, म्हणजे आज मी! घरात होतं नव्हतं ते सगळं काढलं. मासवड्या केल्या. बेसनाचा पातळ पोळा, आत तीळ-खोबरं-लसणाचं सारण, वर झणझणीत आमटी. सासूबाई गेल्यापासून त्या चुलीवर इतका मोठा स्वयंपाक झाला नव्हता. भाकरींची चळत फडक्यात बांधली, पाटी डोक्यावर घेतली आणि निघाले. वाटेत मला वाटत होतं, हे सगळं नवऱ्याला दिसायला हवं होतं.

माझ्याच रानात, माझ्याच बांधावर सगळे गोल बसले. मी वाढलं. आबा म्हणाले, "बस आता तू बी." मी पान घेतलं, बसले, पहिला घास मोडला. तेवढ्यात ज्या बाईचं तान्हं पोर मी रोज सांभाळायचे ती सहज बोलून गेली, "पर मग आज गावात कोन हाय?"

कुणीच नव्हतं. म्हातारी एकटी होती. ही बाई आपलं पोर आज सोबत घेऊन आली होती, पण दुसऱ्या दोन घरांतली मुलं निजलेली मागं होती.  कुणी मला जा म्हणालं नाही, ती बाई तर जीभ चावून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, वैनी, खावा तुमी." पण तिची नजर गावाकडं गेली होती. मी उठले. पानातली भाकरी हातातच घेऊन चालायला लागले. मागून त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालेलं ऐकू येत होतं, मासवडीची तारीफ चालली होती.

म्हातारीनं विचारलं, "आलीस व्हय? मासवडी जमली का?"

"जमली."

"मग मला न्हाई आनलीस?"

नव्हती आणली. हातातली भाकरी आम्ही दोघींनी मिरचीबरोबर खाल्ली. दिवस मावळताना पाटी परत आली, घासून लख्ख केलेली. आत एकही मासवडी उरली नव्हती.

तेव्हापासून गावात राहायची पाळी माझी, ती कायमचीच. माझं रान दरसाल वेळेवर नांगरलं जाई, पेरलं जाई, निघे. कुणाला सांगावं लागत नव्हतं. पोटापाण्याची काळजी मिटली. तरीही सकाळी सगळी माणसं बैलगाड्यांबरोबर निघून जायची आणि गल्लीतली धूळ हळूहळू खाली बसायची, त्या वेळी मला कसंसंच व्हायचं. मी बोलून दाखवत नसे. बोलायचं तरी काय? लोक मला मानत होते, माझ्यावर भरवसा टाकत होते. ते मला तिथंच ठेवून जात होते, इतकंच.

म्हातारी एवढीच काय ती सोबत. ती तोंडाची फटकळ होती, पण एके काळी गावात तिच्यासारखी कापणारी बाई नव्हती म्हणे. वारा गावाकडं असला की काढणीची भलरी ऐकू यायची. गाण्यातले शब्द कळत नसत, नुसता सूर. म्हातारी बाजेवर मान वर करून ऐकायची.

"आता वरच्या रानात आलीत," ती म्हणायची. "लवकर उरकलं आज."

"तुम्हाला कसं कळतं?"

"सूर कुनीकडनं येतो त्यावरनं. तू पन शिकशील." मग "न्हाई शिकलीस तरी बरं," असं म्हणाली आणि तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

आबांच्या मुलाचं लग्न ओझरकडं झालं. सगळा गाव गाड्या जुंपून वऱ्हाडाला गेला. त्या दिवशी कोण राहणार हे कुणी विचारलंही नाही. मी राखणीची होते, आणि विधवाही होते. दोन्ही कारणं एकमेकांवर चपखल बसत होती, त्यामुळं कुणालाच अवघडल्यासारखं झालं नाही. वरात आली तेव्हा मी माझ्या दाराच्या फटीतून नवरी पाहिली. दुसऱ्या दिवशी तीच माझ्याकडं आली. म्हणाली, "आक्का, माझ्या वडलांनी सांगितलंय, आधी तुमच्या पाया पड. घर मोकळं व्हतं तरी गावात मानूस व्हतं, म्हनून त्यांनी पोरगी दिली म्हने." मी तिला वाकू दिलं नाही. पण ती गेल्यावर मी चुलीपुढं बसून रडले.

पुढं तिला मुलगा झाला. तो बहुतेक माझ्या मांडीवरच वाढला.

तो चालायला लागला त्या सुमाराला ओढ्यावर मातीचा बंधारा घालायचं ठरलं. घोडेगावहून एक साहेब जीपनं आले. पाणी अडलं तर खालच्या विहिरींना फायदा होणार होता, पण काम श्रमदानानं करायचं होतं आणि प्रत्येक घरातून एक माणूस पाहिजे होतं. सगळा गाव रोज ओढ्यावर जाऊ लागला. मी गावात. घरात निजवलेल्या मुलांची आता रांगच लागायची.

एक दिवस तिथं काय झालं ते मला संध्याकाळी जो तो सांगत होता, आणि प्रत्येकाचं सांगणं थोडं वेगळं होतं. आबांना विचारलं तर ते म्हणाले, "काय न्हाई, बोलनं झालं जरासं." सगळं सविस्तर सांगितलं ते सूनबाईनं. साहेबांनी कुठल्या घरचं माणूस आलं नाही ते विचारलं. माझं घर निघालं. आबा म्हणाले, तिची पाळी गावात असते. साहेब म्हणाले, "तसं कसं? घरी बसणं श्रमदानात कसं धरायचं? खालच्या बाजूला त्यांची जमीन आहे, पाण्याचा फायदा त्यांनाही होणार."

तेव्हा ही पोरगी मातीचं घमेलं डोक्यावर असतानाच बोलली. सासऱ्यापुढं तोवर तिनं कधी वर पाहिलं नव्हतं. "सायेब, माझं पोरगं कुनापाशी हाय ते इचारा. आक्का गावात न्हाई ऱ्हायल्या तर इथल्या निम्म्या बाया आत्ता घरी जातील. मग ही माती कुनाच्या डोक्यावर देता?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय, मामंजी खाली बघून हसत व्हते.  मग सायेब म्हनले, बरं, त्यांचं घर आलंय असं धरा."

हे सांगताना तिचा चेहरा लाल झाला होता. मला बरं वाटलं, खूप बरं वाटलं. आणि त्याच वेळी असंही वाटलं की माझ्याविषयी एवढं सगळं बोलणं झालं तेव्हा मी तिथं नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप गावात आली. साहेब पाणी मागायला माझ्या दारात थांबले. तरुण होते, घामाघूम झालेले. "तुम्हीच का त्या?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले आणि तांब्या दिला. त्यांनी आत रांगेनं निजलेली मुलं पाहिली. भिंतीपलीकडून म्हातारीनं हाक मारली, "कुनाची मोटार गं?" मी इथूनच तिला उत्तर दिलं. साहेबांनी रिकाम्या गल्लीकडं एकवार पाहिलं.

"रोज एकट्याच असता?"

"हो."

ते आणखी काही विचारतील असं वाटलं. पण त्यांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला, मला नमस्कार केला आणि ते गेले.

पुढच्या पावसाळ्यात बंधारा भरला. नारळ फोडायला सगळा गाव गेला. मी मुलांना भरवून, म्हातारीला निजवून ओसरीवर बसले होते. माणसं परतली, दिवेलागणीला अजून अवकाश होता. सूनबाई लेकराला कडेवर घेऊन माझ्याकडं आली. "आक्का, चला. आता घरात मानसं हायेत. तुमी बघितलाच न्हाई अजून."

आम्ही दोघी गेलो. पाणी गढूळ होतं, पण थेट वळणापर्यंत पसरलेलं होतं. बांधावर फुटलेल्या नारळाच्या करवंट्या आणि गुलाल पडलेला. इथं इतकी माणसं मिळून काम करत होती तेव्हा कसं दिसत असेल, ते मला डोळ्यांपुढं आणता येईना. ती मला दाखवत होती, इथून माती उचलली, इथं बाया रांगेनं उभ्या राहायच्या, इथं एकदा पाय घसरून ती पडली आणि सगळे हसले. मी ऐकत होते. लेकरू तिच्या कडेवरून माझ्याकडं झेपावलं आणि माझ्या खांद्यावर लगेच झोपी गेलं.

"तुमी आला असता तर," ती म्हणाली.

"तर हा कुठं असता?" मी म्हणाले.

ती हसली. आम्ही बराच वेळ बांधावर बसून होतो.  मग वारा सुटला, लेकराला गार लागेल म्हणून मी पदर त्याच्यावर ओढून घेतला आणि आम्ही घरी निघालो.